तास चालू असताना सर कुठे होते?



शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील. सातवीत नव्याने दाखल झालेल्या एका मुलानं माझ्या टेबलावर वहीचं फाडलेलं पान ठेवलं. त्यावर त्याच्या आईनं लिहिलं होतं, "सर, याला पी.टी.च्या तासाला पळायला, उड्या मारायला लावू नये ही विनंती." खाली सही. कारण काहीच नाही.

खरं सांगतो, मला रागच आला. मधल्या सुट्टीत सहकाऱ्यांना ते पान दाखवलं. "आजकालचे पालक! आपण लहानपणी झाडावरून पडायचो, तरी घरी सांगायची सोय नव्हती," अशी आमची नेहमीची चर्चा झाली. सगळे हसलो आणि तासाला निघून गेलो.

पुढच्या पालकसभेला त्या बाई आल्या. मी विचारलं, "ताई, मुलगा तर ठणठणीत दिसतोय. मग खेळायला का नको?" त्या म्हणाल्या, "सर, आधीच्या शाळेत लांब उडी मारताना याचा हात मोडला. खड्ड्यातली वाळू दगडासारखी घट्ट झालेली. हात मोडला त्याचं मी काही म्हणत नाही, पोरं आहेत, पडणारच. पण हा अर्धा तास हात धरून झाडाखाली बसून होता. मैदानावर कुणी मोठं माणूसच नव्हतं. मला एवढंच सांगा सर, तास चालू असताना सर कुठे होते?"

मी गप्प बसलो. कारण सर कुठे असतील हे मला नीट माहीत होतं. मागच्याच आठवड्यात मी पोरांकडे चेंडू टाकून "जा रे, खेळा, भांडू नका" असं सांगितलं होतं आणि व्हरांड्यात बसून शालेय पोषण आहाराची माहिती मोबाईलवर भरत होतो. त्या दिवशी कुणी पडलं नाही, हे माझं नशीब. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं.

खेळाचा तास म्हणजे मोकळा तास नव्हे

त्या प्रश्नावर मी खूप विचार केला. माझं स्पष्ट मत असं झालं आहे की, शारीरिक शिक्षणाच्या तासाला होणाऱ्या बऱ्याच दुखापतींचं मूळ खेळात नसतं. आपण त्या तासाला तास मानत नाही, तिथे ते असतं.

बघा ना, गणिताच्या तासाला आपण वर्ग सोडून जात नाही. त्याचं टाचण काढतो, कोणाला काय येतं ते पाहतो, अवघड उदाहरणाआधी सोपं देतो. पी.टी.च्या तासाला मात्र टाचण नाही, तयारी नाही. कुठल्या विषयाचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी याच तासाचा. वेळापत्रकात तो बहुतेकदा शेवटी, मुलं दमलेली असताना. आणि ज्या दिवशी आपल्याला कागदी कामं असतात, त्या दिवशी हा तास म्हणजे पोरांना बाहेर सोडायची सोय.

वास्तविक पाहता, जोखीम याच तासाला सर्वांत जास्त असते. मुलं वेगात असतात, एकमेकांवर आदळू शकतात, ऊन असतं, जमीन खडबडीत असते. म्हणजे जिथे शिक्षकाचं लक्ष सर्वांत जास्त हवं, तिथेच ते सर्वांत कमी.

मग यावर उपाय म्हणून खेळच बंद करायचा का? अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांची दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी मध्यम ते जोरकस हालचाल व्हायला हवी. आपल्या किती मुलांची तेवढी हालचाल होते? घरी मोबाईल, शाळेत बाक, शाळेनंतर शिकवणी. शाळेच्या तासालाही त्यांना बसवून ठेवलं तर ती पळणार कधी? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असावं असं म्हटलंय, ते उगीच नाही.

तेव्हा पालकहो, "माझ्या मुलाला खेळवू नका" ही चिठ्ठी पाठवू नका. "माझ्या मुलाला खेळवताना तुम्ही काय काळजी घेता?" असं विचारा. हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि शिक्षक मित्रांनो, हा प्रश्न आला की रागावू नका. उत्तर तयार ठेवा. माझं उत्तर मी कसं तयार केलं ते सांगतो.

मुलांआधी आपण मैदानावर

तासाच्या आधी पाच मिनिटं मी मैदानावर एक चक्कर मारतो. गेल्या वर्षभरात काय काय सापडलं सांगू? काचेचे तुकडे, तारेचा वेटोळा, पावसाळ्यात पडलेला खड्डा, खो-खोच्या खांबातून वर आलेला खिळा. हे सगळं रोज तिथेच होतं. मी पाहत नव्हतो, इतकंच.

काही गोष्टी आता आमच्याकडे नियमच झाल्या आहेत :

- लांब उडीच्या आधी खड्ड्यातली वाळू खणून मोकळी करायची, दगड वेचायचे, वाळू सारखी करायची. फावडं खड्ड्याजवळ ठेवायचं नाही. ज्या दिवशी वाळू खणायला वेळ नाही, त्या दिवशी लांब उडी नाही.
- शर्यतीची शेवटची रेषा भिंतीपासून चांगली आठ-दहा मीटर अलीकडे आखायची. "भिंतीला हात लावून या" असं आपण किती सहज सांगतो! वेगात आलेल्या मुलाला थांबायला जागाच उरत नाही.
- गोळाफेकीला सगळी मुलं फेकणाऱ्याच्या मागे. सगळ्यांचं फेकून झाल्यावर सरांनी सांगितलं की मगच गोळे आणायला जायचं.
- कबड्डीच्या आधी नखं बघायची. बांगड्या, कानातले, गळ्यातली साखळी काढून एका डब्यात ठेवायची.
- फुटबॉल, हँडबॉलचे गोलखांब जमिनीत पक्के नसतील तर वापरायचे नाहीत. त्यांना कुणी लोंबकळलं तर अख्खा सांगाडा अंगावर येतो.

यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत.

आधी अंग मोकळं, मग खेळ

बाकावर तीन तास बसलेल्या मुलाला एकदम शंभर मीटर पळवायचं, हे बरोबर नाही. पहिली पाच-सात मिनिटं हळू धावणं, हातापायांच्या हालचाली, जागेवर उड्या. शेवटची पाच मिनिटं पुन्हा सावकाश चालणं आणि अंग ताणणं. मुलं कंटाळतात, "सर, डायरेक्ट खेळू द्या ना" म्हणतात. त्यावर एक युक्ती सांगतो. वॉर्म-अपलाच साखळीची शिवाशिवी किंवा लंगडी ठेवा. कुणी कुरकुरत नाही.

उन्हाचंही तसंच. आपल्याकडे, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, मार्चपासूनच ऊन चढतं. दुपारचा तास असेल तर मी सरळ झाडाखालचे किंवा व्हरांड्यातले खेळ घेतो, योगासनं घेतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी. खेळताना पाणी प्यायलं तर पोटात दुखतं, म्हणून पाणी द्यायचं नाही, असं आपल्याला लहानपणी सांगायचे. ते विसरा. घोट घोट पाणी द्या.

ज्याला खेळवतोय, तो माहीत हवा

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. माझ्या वर्गातल्या कुणाला दमा आहे, कुणाला फिट येते, कुणाच्या हृदयाला जन्मतः दोष आहे, हे मला माहीत नसेल तर मी सगळ्यांना एकाच मापानं पळवणार.

विदर्भातल्या आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांतल्या शिक्षकांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. अशा मुलाला अति श्रम, अंगातलं पाणी कमी होणं, थंडीत भिजणं या सगळ्यांचा त्रास होऊ शकतो. ते मूल मध्येच बसलं तर आळशी नसतं. त्याचे सांधे, हाडं खरंच दुखत असतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी आपण मुलं रांगेत उभी करतो आणि पथक गेलं की विषय संपतो. तसं करू नका. कोणत्या मुलाबाबत काय आढळलं ते विचारून घ्या आणि खेळ घेणाऱ्या शिक्षकांपर्यंत पोहोचवा. मात्र ही माहिती वर्गात जाहीर करायची नाही. मी एका छोट्या वहीत लिहून ठेवतो, ती फक्त माझ्याकडे आणि मुख्याध्यापकांकडे असते.

पालकांनाही हात जोडून सांगणं आहे. आजार लपवू नका. विशेषतः मुलीला फिट येत असेल तर लोक काय म्हणतील, पुढे लग्नाला अडचण येईल, या भीतीनं शाळेत सांगत नाहीत. ताई, दादा, आम्हाला नाही सांगितलं तर ती मैदानावर पडल्यावर आम्ही काय करायचं? दम्याचा पंप असेल तर तो दप्तरात तळाशी ठेवू नका. तो मैदानावर हाताशी हवा, आणि कधी घ्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून आणा.

मोठ्या मुलींचा आणखी एक प्रश्न असतो. मासिक पाळीच्या दिवसांत काहींना खेळायला काहीच अडचण नसते, काहींना खूप त्रास होतो. तो चारचौघांत सांगायची तिच्यावर वेळ का यावी? आमच्याकडे आम्ही असं ठरवलंय की मुलीनं "आज मी गुण लिहिते" एवढंच म्हणायचं. पुढे कुणी काही विचारत नाही.

पळणं ही शिक्षा नको

आता माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी गृहपाठ न आणलेल्या एका मुलाला मी मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तिसऱ्या फेरीत तो थांबला, म्हणाला, "सर, छातीत कसंतरी होतंय." मी म्हणालो, "नाटकं करू नकोस." तो आणखी अर्धी फेरी पळाला आणि खाली बसला. ओठ कोरडे, चेहरा पांढराफटक. सकाळपासून त्यानं काहीच खाल्लं नव्हतं, हे नंतर कळलं. पाणी आणि गूळ दिल्यावर तो सावरला. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. छडी टेबलावरून गेली, पण उन्हातल्या फेऱ्या, उठाबशा, कोंबडा अजून कुठे कुठे शिल्लक आहेत. माझ्या मते ही शारीरिक शिक्षाच. आणि व्यायामाच्या दृष्टीनंही ती घातक, कारण ज्या मुलानं पळणं ही शिक्षा म्हणून अनुभवलं, ते मोठेपणी स्वतःहून कशाला पळेल?

म्हणून माझा एक नियम आहे. मुलानं "सर, त्रास होतोय" म्हटलं की आधी थांबवायचं, सावलीत बसवायचं, मग विचारायचं. दहातल्या चार वेळा ते नाटक असेलही. असू दे. चार वेळा फसलो तरी चालेल, एकदा खरं असताना ऐकलं नाही तर चालणार नाही.

पडलंच तर?

सगळी काळजी घेऊनही मूल पडतंच. त्या वेळी पहिली पाच मिनिटं आपल्या हातात असतात. काही जुन्या सवयी मात्र सोडायला हव्यात.

नाकातून रक्त आलं की आपण मान मागे करायला सांगतो. तसं केलं तर रक्त घशात जातं. मुलाला बसवून थोडं पुढे वाकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा.

पाय मुरगळला की मलम लावून चोळतो. चोळू नका. विश्रांती द्या, कापडात बर्फ गुंडाळून शेका, पाय उंच ठेवा. हाड मोडल्याची शंका असेल तर तो भाग हलवू नका, पट्टी किंवा पुठ्ठ्याचा आधार बांधा.

फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका. तोंडात चमचा घालू नका. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच १०८.

डोक्याला मार लागला तर मूल "मी बरा आहे" म्हणालं तरी त्या दिवशी खेळवू नका. उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, सारखं डोकं दुखणं यातलं काही दिसलं तर तडक दवाखाना. आणि घरी फोन करायचाच. संध्याकाळी पालकांना काही माहीतच नसेल, तर ते "झोपलाय, झोपू दे" म्हणतील.

कायमचा दात मुळासकट पडला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका, दुधात ठेवा आणि लगेच दंतवैद्याकडे न्या. लवकर पोहोचलात तर दात पुन्हा बसू शकतो.

उन्हानं मूल गोंधळल्यासारखं बोलू लागलं, तोल जाऊ लागला, तर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रथमोपचार पेटी कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद असते, हे आपलं नेहमीचं. किल्ली असलेले सर नेमके रजेवर. पेटी मैदानावर नेत चला.

"पण सर, हे जमणार कसं?"

शिक्षक मित्रांचा हा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय. अनेक शाळांत शारीरिक शिक्षणाचा वेगळा शिक्षक नाही. दोन शिक्षकी शाळेत एक मीटिंगला गेला की दुसऱ्याकडे सगळे वर्ग. शहरात साठ-साठ मुलं आणि मैदान म्हणजे पार्किंगची फरशी. वर ऑनलाइन माहितीची घाई. हे सगळं खरं आहे, आणि त्याबद्दल शासनाकडे, संस्थेकडे आपण बोललंच पाहिजे. पालकहो, इथे तुमची गरज आहे. शाळा व्यवस्थापन समितीत, पालक-शिक्षक संघात "मैदानाचं काय? खेळाचा शिक्षक कधी?" हे तुम्ही विचारलंत तर त्याला वजन येतं. आपण मात्र निकालाच्या टक्क्यांवरच बोलतो.

पण तोपर्यंत काय? मी मुलांचे दोन गट करतो. एक गट खेळतो, दुसरा पंच, गुणलेखक आणि वेळ मोजणारा. अर्ध्या वेळाने बदल. जागा कमी असेल तर धक्काबुक्कीचे खेळ नाहीत. मी मैदानावर नसेन तर त्या दिवशी पळापळीचा खेळ नाही, वर्गात बुद्धिबळ किंवा कॅरम. आणि त्या तासाला मोबाईल खिशात. माहिती पंधरा मिनिटं उशिरा गेली म्हणून कुणाचा हात मोडत नाही.

पालकांकडून एवढंच हवं : मूल न्याहारी करून यावं, पाण्याची बाटली असावी, पी.टी.च्या दिवशी पायात मापाचे बूट असावेत, आणि दुखत असेल तर ते सकाळीच कळवावं.

त्या मुलाचं पुढे काय झालं? मी त्याच्या आईला म्हणालो, "ताई, डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर त्याला मैदानावर पाठवा. तास चालू असताना मी कुठे असेन, तर तिथेच असेन." डॉक्टर हो म्हणाले. आता तो खो-खोत चांगला पळतो. लांब उडीला मात्र अजून बिचकतो. मी आग्रह करत नाही. वाळू खणायला तो सगळ्यांच्या आधी येतो, तेवढं मला पुरे आहे.

परवा त्याच्या हातून पुन्हा एक चिठ्ठी आली. "सर, बूट धुतलेत, वाळले नाहीत. आज चपलेवर खेळला तर चालेल का?"

मी त्याला त्या दिवशी गुण लिहायला बसवलं. आणि मनातून फार बरं वाटलं.